अश्वत्थाम्याची हळद

बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या एका उंच डोंगरावर असीरगड दिसतो. दख्खनचा दरवाजा अशी त्याची जुनी ख्याती. अकबराने तो फारुकी सुलतानांकडून जानेवारी १६०१ मध्ये घेतला. गड पडला तो आत पसरलेल्या साथीमुळे की वाटलेल्या सोन्यामुळे, यावर तेव्हाच्या लेखकांचंच एकमत नाही. अबुल फझल रोगराईकडे बोट दाखवतो, जेझुइट पाद्री लाचेकडे. पण गडाच्या पायथ्याला चौकशी केली तर अकबराच्या आधी दुसरंच नाव निघतं. वरच्या महादेवाला पहाटे कोणीतरी ताजं फूल वाहून जातं, आणि तो कोणीतरी म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरचा मणी गेला तिथली जखम अजून भरलेली नाही. रात्री-अपरात्री तो एखाद्या वाटसरूला गाठतो आणि रक्त थांबवायला तेल आणि हळद मागतो.

याच सातपुड्यात पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात, अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीच्या दिवसांत आदिवासींची यात्रा भरते. अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, अशी तिथली श्रद्धा. मराठीत तर ‘अश्वत्थाम्याची जखम’ हा न सरणाऱ्या दुःखाचाच दुसरा शब्द झाला आहे.

महाभारतात मात्र हळद नाही. सौप्तिकपर्वात कृष्णाचा शाप आहे: तीन हजार वर्षं एकटा भटकशील, पू आणि रक्ताचा दर्प तुझ्या अंगाला चिकटलेला असेल. तेल-हळदीची भर लोकांनी मागाहून घातली. ज्यांनी घातली त्यांनी कोयत्याने कापलेलं बोट पाहिलं होतं, आणि त्यावर चुलीपासून दोन हातांवर काय सापडतं हेही त्यांना ठाऊक होतं. चिरंजीवाने अमृत मागितलं नाही, संजीवनी मागितली नाही. मागितलं ते कोणत्याही घरात मिळेल असं काहीतरी. म्हणूनच ही कथा या पुस्तकात घ्यावीशी वाटली. कारण त्या मागणीत एक दावा दडलेला आहे, आणि दावा असला की तो तपासता येतो.

“त्यात तपासायचं काय राहिलंय? अमेरिकेत आपण जिंकलो ना!” हे उत्तर हमखास येतं. ती लढाई खरीच, आणि तिचा सेनापतीही आपलाच. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं, क्रमांक ५४०१५०४. संशोधक दोघंही भारतीय वंशाचे. माशेलात जन्मलेले रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. परिषदेने १९९६ साली फेरतपासणी मागितली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंटवर पाणी सोडावं लागलं. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहू लागला, त्यामागे हाच धडा होता.

पण त्या फेरतपासणीत प्रश्न कोणता होता, हे आपण विसरतो. ‘हे नवीन आहे का?’ एवढाच तो होता. आपण दाखवून दिलं की हे आम्हाला पूर्वीपासून माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट खरीही आहे का, याचा निवाडा तिथे कोणी मागितला नव्हता आणि दिलाही नाही. हळद जखमेवर गुणकारी ठरली असं जे आपण छाती फुगवून सांगतो, ते त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा हा प्रश्न पेटंट कार्यालयातून उचलून प्रयोगशाळेत नेऊ. बुऱ्हाणपुरात आयुर्वेद आणि युनानी अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. वाटल्यास तिथूनच निघालो असं समजा.

पहिलीच अडचण बाजारात येते: कोणती हळद? स्वयंपाकातली ती करक्यूमा लाँगा. कच्च्या कैरीसारखा वास येणारी आंबेहळद ही तिची बहीण, करक्यूमा अमाडा. मुका मार लागला की आपल्याकडे हीच उगाळतात. सह्याद्री-सातपुड्याच्या रानात पावसाळ्यात वर येणाऱ्या रानहळदी आणखी निराळ्या. आणि दारुहळद तर हळदच नाही. ते बर्बेरिस जातीचं काटेरी पहाडी झुडूप. त्याच्या सालीचा पिवळा रंग बर्बेरीन नावाच्या अल्कलॉइडचा, तर हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. या दोन पदार्थांचं रासायनिक नातं काहीच नाही. आयुर्वेदात मात्र दोघी जोडीने येतात. प्रयोगशाळेत ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण टाकलं की दारुहळदीच्या अर्कात अल्कलॉइडची नारिंगी खूण उमटते. हळद त्या परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ आधी फुलापानासह एक नमुना वाळवून कागदावर चिकटवतो, त्याला क्रमांक देतो आणि तो संग्रहात जपून ठेवतो. हे काम कंटाळवाणं खरं, पण उद्या कोणी विचारलं की तुम्ही नक्की काय तपासलंत, तर दाखवायला तेवढंच असतं.

जात ठरली तरी माल ठरत नाही. सांगलीची राजापुरी, दक्षिणेची सेलम, वर्धा जिल्ह्यातली वायगावची: प्रत्येकीत करक्युमिनचं प्रमाण वेगळं, साधारण दोन-तीन टक्क्यांपासून सहाच्या आसपासपर्यंत. वायगावची हळद त्याच गुणावर ओळखली जाते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीला २०१८ मध्ये. हळकुंड घेतलं की गड्डा, शिजवून वाळवलेलं की ओलं, हेही टिपून ठेवावं लागतं. आणि दळलेली पूड घेतली तर भेसळीची शंका आलीच. मेटॅनिल यलो हा रंग मिसळलेला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी-जांभळी झाक येते आणि पाणी घातलं तरी ती टिकते. शुद्ध हळदीची लाली पाण्याने जाते. लेड क्रोमेटची भेसळ तर शिशाची, म्हणजे विषाचीच. असली पूड जिवाणूंवर घालून ‘हळदीचा परिणाम’ मोजायचा म्हणजे हसं होणार.

आता अर्क. इथे माझ्या मते सगळ्या प्रयोगाची नाडी आहे, आणि बहुतेक प्रबंधांत तिला एक ओळ मिळते.

वनस्पतीत शेकडो पदार्थ असतात. तुम्ही जे द्रावक वापराल ते आपल्याला विरघळवता येतं तेवढंच बाहेर आणतं. हळद पाण्यात उकळली तर करक्युमिन जवळजवळ येतच नाही. ते पाण्यात विरघळण्याबाबत भलतंच हट्टी आहे. अल्कोहोल, ॲसिटोन यांत ते सहज उतरतं. सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात द्रावक उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, पुडीवर ठिबकते आणि भरलं की आपोआप खाली ओघळतं. असे फेरे तासन्‌तास चालतात आणि खाली केशरी अर्क जमतो. हळदीचा वास ज्याच्यामुळे येतो ते तेल यात नीट सापडत नाही. त्यासाठी पाण्याच्या वाफेबरोबर ते उडवून क्लेव्हेंजरच्या नळीत धरावं लागतं. त्यात टर्मेरोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचेही जिवाणू-बुरशींवर परिणाम नोंदले गेले आहेत. म्हणजे ‘हळदीचा अर्क’ हा एक पदार्थ नाहीच. पाण्याचा, अल्कोहोलचा आणि वाफेने काढलेला असे तीन अर्क म्हणजे रसायनाच्या दृष्टीने तीन वेगळी औषधं.

द्रावक बदललं की निष्कर्ष कसा उलटतो याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण चीनचं आहे. तू यूयू यांच्या गटाला चिंगहाव या वनस्पतीच्या अर्काचा मलेरियावर गुण कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती वनस्पती उकळायला नव्हे तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने औषध मरत असावं, हे त्यांच्या लक्षात आलं. कमी तापमानाला इथरने काढलेला १९१ क्रमांकाचा अर्क ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं आणि २०१५ मध्ये नोबेल.

हे वाचलं की अश्वत्थाम्याच्या मागणीकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. तो नुसती हळद मागत नाही, तेल आणि हळद मागतो. करक्युमिन पाण्यापेक्षा तेलात बरं उतरतं. तेल जखमेवर थर धरून राहतं, पुडीला जागेवर ठेवतं. लोककथेत द्रावक सांगितलेलं आहे, असं म्हणण्याचा मोह होतो. मोहच तो, कथा रचणाऱ्याने कदाचित समोर दिसणारा पोटीसच सांगितला असेल. पण प्रयोग आखताना पाण्याचा अर्क घेऊन ‘हळदीत दम नाही’ म्हणणाऱ्याला हा पोटीस आठवायला हवा.

अर्कात काय आलं हे पाहण्याच्या परीक्षा मोठ्या गमतीच्या आहेत. फेरिक क्लोराइडने फिनॉल वर्गातली द्रव्यं रंग बदलतात, पाण्यात हलवून फेस टिकला तर सॅपोनिनचा संशय. आणि हळदीची एक परीक्षा तर आपल्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे: हळद अधिक चुना म्हणजे कुंकू. अल्कलीत करक्युमिन तांबडं होतं, एवढंच ते रसायन. पुढे काचेवर सिलिकेचा पातळ थर देऊन त्यावर अर्काचा ठिपका ठेवतात आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचं मिश्रण वर चढू देतात. पिवळा ठिपका फुटून तीन होतात: करक्युमिन, डिमिथॉक्सीकरक्युमिन, बिसडिमिथॉक्सीकरक्युमिन. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतून हा पिवळा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला; त्याची रचना कळायला १९१० उजाडलं. आज महाविद्यालयातली मुलगी तो अर्ध्या तासात काचेवर वेगळा करते.

आता जिवाणू. रस्त्यावरचे, नळाचे जिवाणू चालत नाहीत; ओळख पटलेले, वंशावळ माहीत असलेले हवेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जिचे माशेलकर दिल्लीला जाण्यापूर्वी संचालक होते, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; चंडीगडलाही असा एक आहे. तिथून स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्या कुप्या मागवतात. जखमेच्या प्रश्नाला पहिला आणि तिसरा अगदी नेमके. पू धरलेल्या जखमेत हे दोघं नेहमीचे पाहुणे.

जिवाणूंचं पाणी एका ठरावीक गढूळपणापर्यंत आणतात, मिलिलिटरला सुमारे १५ कोटी. ते मूलर-हिंटन आगरच्या ताटलीवर कापसाच्या बोळ्याने पसरतात. त्यात सहा मिलिमीटरची भोकं पाडून अर्क भरतात, किंवा अर्कात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवतात. चकत्यांची ही पद्धत बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये नेमकी बसवून दिली, पण ती प्रतिजैविकांसाठी. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की सकाळी ताटलीवर जिवाणूंची धुकट चादर पसरलेली असते आणि अर्काभोवती, असलाच तर, एक स्वच्छ वर्तुळाकार पट्टा. पट्टीने व्यास मोजायचा, वहीत लिहायचा. छायाचित्र सुंदर येतं. आपल्याकडचे किती तरी शोधनिबंध या छायाचित्रापाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात.

त्या वर्तुळावर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याची कारणं सांगायला हवीत. वर्तुळ मोठं होण्यासाठी पदार्थाला आधी आगरमधून पसरावं लागतं, आणि आगर म्हणजे मुख्यतः पाणी. करक्युमिन पाण्यात विरघळतच नाही. ते भोकाच्या काठाशी पिवळा गाळ होऊन बसतं. जिवाणू दहा पावलांवर निवांत वाढतात आणि आपण लिहितो: परिणाम नाही. याउलट पाण्यात सहज पसरणारं पण कमजोर असलेलं एखादं द्रव्य मोठं वर्तुळ काढून बाजी मारतं. समजा अर्काचं वर्तुळ १४ मिलिमीटर आणि जेंटामायसिनचं २० मिलिमीटर आलं. ‘म्हणजे प्रतिजैविकाच्या ७० टक्के ताकद’ असं वाचलं की ते पान तिथेच मिटावं. चकतीवर जेंटामायसिन असतं १० मायक्रोग्रॅम, भोकात अर्क असतो कित्येक मिलिग्रॅम. घोडा आणि हत्तीच्या पायांचे ठसे मोजून कोण वेगाने धावतो हे ठरवण्यासारखं ते आहे.

दुसरी चूक अधिक साधी. अर्क ज्यात विरघळवला ते अल्कोहोल किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइड स्वतःच जिवाणू मारत असेल तर? म्हणून एका भोकात नुसतं द्रावक भरायचं असतं. ते भोक ज्या निबंधाच्या छायाचित्रात नाही, त्यात औषध हळद होती की अल्कोहोल, हे लेखकालाही सांगता येणार नाही.

वर्तुळानंतरची पायरी म्हणजे किमान रोधक मात्रा. छोट्या खाचांच्या ताटलीत अर्क निम्मा-निम्मा पातळ करत न्यायचा, प्रत्येक खाचेत तेवढेच जिवाणू घालायचे आणि कोणत्या खाचेपर्यंत वाढ थांबली ते बघायचं. इथे आकडा खरा बोलतो. करक्युमिनला स्टॅफिलोकॉकसला अडवायला मिलिलिटरमागे शंभर-अडीचशे मायक्रोग्रॅमच्या घरातली मात्रा लागल्याचे निकाल आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या एमआरएसए जातींवरही साधारण तेवढीच. जेंटामायसिनला साध्या स्टॅफिलोकॉकससाठी एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतं. ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्याभोवती बाहेरचं एक जादा आवरण असतं, त्यामुळे ते आणखी बळकट. मात्रेच्या हिशेबात हळद प्रतिजैविक म्हणून फार मागे राहते, हे कबूल करायला अवघड वाटण्याचं कारण नाही.

तरीही ‘गुण नाही’ असा निकालही घाईचा ठरेल. करक्युमिनचा जिवाणूंवरचा परिणाम श्राउफश्टेटर आणि बेर्न्ट यांनी १९४९ सालीच ‘नेचर’मध्ये नोंदवला होता. तो कसा घडतो याचं एक सुरेख उत्तर पवईहून आलं: २००८ मध्ये आयआयटी मुंबईतल्या दुलाल पांडा यांच्या गटाने दाखवलं की जिवाणू दुभंगताना मधोमध जी प्रथिनाची कडी बांधतो ती करक्युमिनमुळे नीट बांधली जात नाही. जिवाणू लांबत जातो, पण दोन होत नाही. शिवाय निळ्या प्रकाशात करक्युमिन अधिक मारक होतं, कारण प्रकाश शोषून ते ऑक्सिजनची उग्र रूपं तयार करतं. ताटली कपाटात ठेवली की खिडकीशी, हेही मग निकालात शिरतं.

आणि एक मोठी पंचाईत. शरीराच्या तापमानाला, जवळपास उदासीन द्रावणात, सीरम नसेल तर करक्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडून जातं. रात्रभर उबवलेल्या खाचेत सकाळी जे असतं ते करक्युमिन म्हणायचं की त्याचे तुकडे? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने याचा सविस्तर हिशेब मांडला: हा रेणू स्वतः चमकतो, धातूंना चिकटतो, प्रथिनांना चिकटतो, आणि अनेक चाचण्यांत गुण नसताना गुणाचा भास उभा करतो. करक्युमिनवर शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी गुप्ततेची, नाममात्र औषधाशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यावर हळदप्रेमींनी आरडाओरडा केला. पण त्या रसायनशास्त्रज्ञांचा आक्षेप करक्युमिनवर होता. अख्ख्या हळदीतली बाकीची द्रव्यं तपासावीत असं त्यांनीच सुचवलं होतं.

सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन आणि रोपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: जखम स्वच्छ करणं, आणि जखम भरून आणणं. आपली आगरची ताटली फक्त पहिल्याबद्दल थोडंफार बोलते. जिवाणू मारणारं द्रव्य नव्या पेशींनाही मारत असेल तर शोधन होईल, रोपण अडेल. म्हणून पुढच्या पायरीवर तेच अर्क त्वचेच्या पेशींवर घालून पाहतात, मग प्राण्याच्या जखमेवर, मग माणसाच्या. डब्यातल्या पुडीबद्दल आणखी एक गोष्ट आठवावी: मसाल्यांच्या पुडींत जिवाणूंचे बीजाणू सर्रास असतात. प्रयोगशाळा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढते; चिमूट तशीच जखमेत जाते.

वैद्यकाच्या दृष्टीने अश्वत्थाम्याची केस आणखी विचित्र आहे. कपाळाला रक्तपुरवठा भरपूर, तिथली जखम खरं तर लवकर भरते. तीच वर्षानुवर्षं भळभळत असेल आणि माणूस बुऱ्हाणपूरच्या एखाद्या दवाखान्यात येऊन बसला, तर डॉक्टर रक्तातली साखर बघतील, कवटीच्या हाडाला संसर्ग झालाय का ते बघायला एक्स-रे काढतील आणि कडेचा तुकडा कर्करोगाच्या शंकेने तपासायला पाठवतील. त्यांनी दिलेली चिठ्ठी घेऊन तो गडाकडे परतेल. वाटेत कोणी भेटलं तर सवयीने तेल आणि हळद मागेलही. त्याला ती दिल्याचं सांगणारे असीरगडच्या परिसरात भेटतात. जखम भरल्याचं सांगणारा कोणी भेटत नाही.